आईला दे

त्या वर्षी ऐन विटा पाडायच्या दिवसांत आभाळानं तोंड बांधलं. पाऊस पडेना आणि ऊनही पडेना. कच्च्या विटा आवारभर रांगांनी पडून होत्या, आणि कुठल्याही विटेवर अंगठा दाबला की तो अजून आत जात होता. ओली वीट भट्टीत घातली तर तडकते, नाही घातली तर धंदा बसतो, अशी सगळी गोची झाली होती. थोरला दिवसातून दहा वेळा वर बघायचा आणि आभाळाला अशा शिव्या द्यायचा, की ते माणूस असतं तर गाव सोडून गेलं असतं.

घरात आता चारच माणसं होती. दोघे भाऊ आणि दोघी जावा. भट्टीवर येणारेजाणारे त्यांना थोरला, थोरली, धाकटा, धाकटी एवढंच म्हणत. पाचवी होती काडी, थोरलीची मुलगी. अंगानं काडी म्हणून नाव काडी, पण विटांचं भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन फळीवरून चढायची तेव्हा फळी वाकायची, ती वाकायची नाही. ती नौदलात भरती झाली आणि समुद्राकाठच्या तळावर प्रशिक्षणाला गेली. या घरातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. धाकट्यानं एकदा मोठं तळं पाहिलं होतं, त्याच्या जोरावर तो सगळ्यांना समुद्र समजावून सांगत असे.

थोरलीची मुलगी असं म्हणताना एक अडचण आहे, ती आधीच सांगितलेली बरी.

काडी जन्मली तेव्हा भट्टी नवी होती. थोरलीच्या हातची वीट म्हणजे चारी कडा जिथल्या तिथे, कोपरे शाबूत. तसा साचा दुसऱ्या कुणालाच भरता येईना. त्यामुळे बाळंतपणानं खचलेलं अंग भरून यायच्या आत ती पुन्हा साच्यापाशी बसली आणि पोर धाकटीच्या मांडीवर गेली. धाकटी तेव्हा नवी सून होती, आणि पुढे तिला स्वतःचं मूल झालंच नाही. काडीला बोल फुटले तेव्हा तिचा काका थोरलीला वहिनी म्हणायचा, मजूर वहिनी म्हणायचे, म्हणून तीही वहिनी म्हणाली. आणि जी भरवायची, थोपटायची, तिला आई म्हणाली. घर पोट धरून हसलं. थोरलीही हसली. तेव्हा हसली म्हणून पुढे रडायची सोय राहिली नाही. शाळेच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात थोरलीचं नाव, आणि शाळा सुटली की हाक मात्र धाकटीला, असं एकोणीस वर्षं चाललं.

तळावरून रविवारी फोन यायचा. तिथला एकच फोन, मागे मुलींची रांग, वाट्याला जेमतेम चार वाक्यं. घरी फोन थोरलीकडे होता, म्हणून काडीनं तोच नंबर दिला होता. थोरली रविवारी साच्यापाशी बसायची तेव्हा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या खुंटीला अडकवायची. मातीच्या हातांनी पिशवी उघडेपर्यंत धाकटी कुठूनतरी उगवलेली असायचीच. एरवी तिला हाक मारली तर तीनदा मारावी लागे.

"हॅलो, मी बोलतेय. ऐकू येतंय?" काडीचा आवाज लांबून, वाऱ्यातून यायचा.

"येतंय. बरी आहेस ना? जेवतेस ना पोटभर?"

"हो. तू..."

"हं, देते हं."

आणि थोरली फोन पुढे करायची. पुढचं ती ऐकायचीच नाही. पोरगी विचारणारच आहे, आईला दे म्हणून. ते ऐकून घेऊन मग द्यायचा, त्यापेक्षा आपणच आधी दिला म्हणजे निदान मागितला तरी नाही. एवढा एकच मान तिनं स्वतःपाशी ठेवला होता.

धाकटी फोन कानाला लावून भाजलेल्या विटांच्या थप्पीमागे जायची. नेहमी तिकडेच. चारचौघांत बोलली असती तर काय बिघडलं असतं, हे थोरलीला कळत नसे. थप्पीमागून हसणं ऐकू यायचं, मग हळू बोलणं. थोरली मातीचा गोळा उचलायची आणि साच्यात आपटायची. त्या रविवारच्या विटा आठवड्यातल्या सगळ्यात घट्ट विटा असत.

"काय म्हणाली?" धाकटी परत आली की ती विचारायची, विटेवरून नजर न काढता.

"बरी आहे. पायांना फोड आलेत बुटांनी."

"फोड? कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. आता बरे होत आलेत."

"आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, ताई."

केस कानापर्यंत कापले, तेही असंच कळलं. उंच फळीवरून पाण्यात उडी मारावी लागते आणि काडीला तिची भीती वाटते, तेही असंच. पोटची पोर, आणि तिच्या फोडांची बातमी फोड बसल्यावर यायची. थोरलीला वाटायचं, आपण या घरात टपाल वाटायला ठेवलेलो आहोत. पाकीट आपल्या हातात येतं, वाचतं दुसरंच कुणी.

एकदा कोळशाची गाडी आली. कोळसेवाला जुना माणूस, बोलघेवडा. त्यानं गाडीवरूनच धाकटीला हाक मारली.

"काय मग, आईसाहेब? तुमची शिपाई काय म्हणतेय?"

"पोहायला शिकली," धाकटी म्हणाली. म्हणताना तिची मान एवढी ताठ झाली, जणू हीच पोहून आली होती. "आता बंदूक देणार आहेत हातात."

"अरे वा. घाबरला नाहीत ना पाठवताना?"

"घाबरून कसं चालेल? पोरीला उभं करायचं तर आईला घट्ट राहावं लागतं."

थोरली तिथेच होती. डोक्यावर कोळशाचं घमेलं, तोंडावर काळी पूड, आणि फळीवर अर्ध्यात. कोळसेवाल्याचं लक्ष गेलं, तो म्हणाला, "वहिनी, जरा बाजूनं, मला गाडी मागे घ्यायचीय." ती बाजूनं झाली. तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला होता, की ते घमेलं भट्टीत न टाकताही पेटलं असतं.

जेवताना तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. थोरला दिवसभर विटा चाचपून थकला होता.

"लोक तिलाच विचारतात," ती म्हणाली.

"कुणाला?"

"तुमच्या भावजयीला. पोरीबद्दल."

"मग विचारू देत की. उत्तर देतेय ना ती?" आणि तो पुन्हा आभाळाबद्दल बोलायला लागला. या माणसाला विटेतली ओल अंगठ्यानं कळायची, पण समोर बसलेल्या बायकोचं काही कळत नसे.

मग तो स्वेटरचा प्रकार झाला. काडीचा जुना निळा स्वेटर, कोपरावर विरलेला. थोरलीनं तो पेटीतून काढला, धुतला, दोरीवर टाकला. वाळला की उशीखाली ठेवायचा असं तिच्या मनात होतं. कुणाला सांगायची गरज नव्हती. पण दमट हवेत वाळायला चार दिवस लागले, आणि पाचव्या दिवशी सकाळी धाकटी तोच स्वेटर घालून रांगांमध्ये उभी होती.

कच्च्या विटांची कूस बदलायचं काम चालू होतं. एकेक वीट उचलायची, खालची ओली बाजू वर करायची, वाऱ्याला उभी करून ठेवायची. वाकून वाकून कंबर मोडते आणि बोटांची टोकं सोलपटतात. दोघी एकाच रांगेत दोन टोकांनी मध्यावर येत होत्या. मध्यावर आल्या तेव्हा थोरली म्हणाली,

"तो काढ."

"काय?"

"स्वेटर. काढ तो. मी माझ्यासाठी धुतला होता."

"थंडी होती म्हणून घातला, ताई. तिचाच आहे."

"तिचा आहे म्हणूनच सांगतेय."

धाकटी हसली. चिडवायला नव्हे, पण हसली. "मी लहानपणापासून तिचे कपडे धुतले. आज तुम्ही एक धुतलात."

थोरलीच्या हातात वीट होती. ती तिनं खाली ठेवली, नीट, उभी. मग बोलली. "धुतले असशील. जन्म नाही दिलास. मुलं अशी दोरीवरून उचलून मिळत नाहीत. कळा सोसाव्या लागतात. तुला कुठून कळणार?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणीच, सासूनंसुद्धा, हे शब्द उच्चारले नव्हते. धाकटीनं स्वेटर डोक्यावरून काढला, घडी केली, विटांच्या रांगेवर ठेवला आणि दुसऱ्या रांगेला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. थोरलीनं स्वेटर घेतला, पण उशीखाली ठेवला नाही. तो पेटीत टाकून झाकण लावलं.

त्या रविवारी फोन वाजला तेव्हा धाकटी उगवली नाही. ती पार पलीकडे, चाळणीवर माती चाळत होती. फोनचा आवाज तिथवर जात होता, आणि तिची चाळणी थांबली नाही.

"हॅलो?" थोरली म्हणाली.

"आई?"

आवाज बसलेला, खरखरीत, रडून झाल्यासारखा. थोरली साच्यापाशी उभी राहिली. आलाच तो शब्द. आज आधी देता आलं नाही, तर मागून घेतलाच.

"थांब, देते तिला," ती म्हणाली.

"अगं नको, ऐक..."

पण फोन तिच्या कानावरून खाली आला होता. ती चालायला लागली. चाळणी समोरच दिसत होती. रांगांच्या मधून गेली असती तर लगेच पोचली असती. ती मधून गेली नाही. विटांना धक्का लागेल असं स्वतःला सांगून ती बाहेरून गेली, कुंपणाकडून, वळसा घालून, आणि पावलं मुद्दाम मोजकी टाकली. हातातला फोन बारीक आवाजात काहीतरी बोलत होता. एकदा पोरीचा आवाज चढला. थोरलीनं कानाला लावला नाही. जे काय ते धाकटीशीच बोलू दे, असं मनाशी म्हणाली.

धाकटीनं हात पुसून फोन घेतला, कानाला लावला, मग खाली करून पाहिला. "कापला गेला."

"मग आता मी काय करू?"

"काय म्हणत होती?"

"तुलाच मागत होती. आई म्हणाली."

धाकटीनं तिच्याकडे चमकून पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा चाळणी हातात घेतली. थोरलीला ते तोंड उघडून मिटणं लक्षात राहिलं, पण त्याचा अर्थ तिनं आपल्या सोयीनं लावला. लाजली, एवढाच.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. थोरली सारखी पिशवी उघडून बघायची. आवाज बारीक झालाय का, बंद पडलाय का, हे धाकट्याला चारदा विचारून झालं. उंच फळीचं तिला आठवायचं. पोरगी पडली असेल, लागलं असेल, आणि त्या दिवशी तेच सांगत असेल, आणि आपण कुंपणाकडून वळसा घालत होतो. संध्याकाळी धाकटी चहा घेऊन आली. कप ठेवला, स्वतःचाही घेऊन तिथेच बसली. दोघींनी चहा प्यायला. स्वेटरनंतर दोघी एका जागी पहिल्यांदाच बसत होत्या.

"आजारी असेल का?" थोरली म्हणाली.

"शिक्षा झाली तर फोन देत नाहीत. असं म्हणाली होती मागे."

"कसली शिक्षा?"

"उडी नाही मारली तर."

हेही हिलाच माहीत. थोरलीनं कप खाली ठेवला आणि आत गेली.

मग एका सकाळी ऊन पडलं. कुणी बोलावलं नाही, काही नाही, उगाच आपलं पडलं, आणि पडलं ते दिवसचे दिवस. थोरला वेड्यासारखा रांगांमधून फिरायला लागला. विटा करकरीत वाळल्या. भट्टी रचायला घेतली, मजूर आले, फळ्या लागल्या, चौघांच्या अंगाला दिवसभर उसंत नव्हती. धाकटी खाणीच्या खड्ड्यात माती तोडायला उतरत होती, जे काम बायका सहसा घेत नाहीत. रविवारीही ती सकाळीच खड्ड्यात गेली. फोनपासून जितकं लांब जाता येईल तितकी ती गेली होती.

फोन आला.

"आई," काडी म्हणाली, आणि घाईघाईनं, "फोन ठेवू नकोस, आणि कुणाला देऊ पण नकोस. मागच्या वेळी दिलास. मला तुझ्याशी बोलायचं होतं."

"अगं, मी आहे," थोरली म्हणाली. "वहिनी."

"माहितीये मला." पलीकडे आवाज खाली आला. "इथं फोनपाशी बाई उभ्या असतात. पहिल्या दिवशी म्हटलं वहिनीशी बोलायचंय, तर म्हणाल्या वहिनी-बिहिनी चालणार नाही, फक्त आई-वडील. मी म्हटलं, वहिनी म्हणजेच आई. तर सगळ्या हसल्या. म्हणाल्या, मग आई म्हण. म्हणून म्हणते. तुझ्यासमोर म्हणायचं म्हणून मी आधी एकटीनं म्हणून बघितलं. तर तू दरवेळी देतेस."

थोरली साच्यापाशी बसली होती, ती तशीच खाली मातीत टेकली. ओल्या मातीतच, कपड्यांचा विचार न करता.

"आणि तिला?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

"तुझ्या... तिला काय म्हणतेस?"

"काकू म्हणते. म्हणावंच लागतं. तिला मी पहिल्याच दिवशी सांगितलं सगळं. ती म्हणाली चालेल." मग थोडं थांबून, "तुला नाही सांगितलं तिनं?"

थोरलीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ऐक, वेळ संपतोय. उडी मारली मी. त्या दिवशी म्हणूनच केला होता फोन, दुसऱ्या दिवशी उडीची पाळी होती. नाही जमलं, मग शिक्षा झाली, मग जमलं. आता पुढच्या महिन्यात टोपी मिळणार. टोपी आईनं घालायची असते, पोरगी सलाम करून उभी राहते आणि आई पुढे येऊन घालते. दोघांनाच येता येतं, तू आणि बाबा. येशील ना?"

"येईन," थोरली म्हणाली.

फोन बंद झाल्यावर ती उठली आणि खाणीकडे निघाली. या वेळी ती विटांच्या रांगांमधून सरळ गेली. चालताना तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तो एवढा होता की दम लागत होता. पण त्याच्या मागोमाग थप्पी आठवली. भाजलेल्या विटांची थप्पी आणि तिच्यामागे जाऊन बोलणारी धाकटी. ती एकटीनं मजा मारायला तिकडे जात नव्हती. फोनमधून येणारं 'काकू' कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जात होती. मग ते हसणंही खोटंच असेल, किंवा खरं असेल, कोण जाणे.

खड्ड्याच्या काठावर ती उभी राहिली. खाली धाकटी कुदळ मारत होती, केसांत, पापण्यांवर माती.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं," थोरली म्हणाली.

कुदळ थांबली. "काय?"

"ती मला काय म्हणते ते."

धाकटीनं कुदळ जमिनीत रोवली आणि दांड्यावर हात ठेवले. वर न बघता म्हणाली, "दरवेळी शेवटी विचारायची. आईला देतेस का, म्हणायची. तुमच्यासाठी म्हणायची ते."

"मग?"

"मी म्हणायची, कामात आहे."

"दरवेळी?"

"दरवेळी."

थोरलीच्या हातांना काहीतरी फेकावंसं वाटलं. काठावर ढेकळं होती, आणि खाली धाकटीचं डोकं होतं. इतक्या रविवारचे चार-चार शब्द, ते हिनं थप्पीमागे नेऊन खाल्ले. "का पण?" ती ओरडली. "तुझ्याकडे होती की ती सगळी. मी कधी मागितली? एकोणीस वर्षं घेतलीस, चार मिनिटं माझी राहू दिली नाहीस?"

"तुम्हाला ती परत घेता येत होती," धाकटी म्हणाली. "तुमच्या नावावर होती. कधीही म्हणाला असतात, तर तुमचीच. माझ्याकडे तो एक शब्दच होता. तोही त्या बाईनं एका दिवसात काढून घेतला." तिनं मनगटानं नाक पुसलं, त्यानं तोंडावर आणखी माती लागली. "आणि खरं बोललात तुम्ही त्या दिवशी. मला कुठून कळणार."

खरं बोललात, हे थोरलीला लागलं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं परत दिल्या असत्या. ती काठावर उभी राहिली, मग वळली आणि साच्याकडे गेली. माफी तिनं मागितली नाही, धाकटीनंही नाही. संध्याकाळी दोघी एकाच बादलीतल्या पाण्यानं हात धुताना एकमेकींकडे बघत नव्हत्या.

भट्टी पेटली. आणि मग कळलं की टोपीचा दिवस भट्टीच्या ऐन जाळातच येतोय. पेटलेली भट्टी सोडून थोरल्याला हलता येत नाही, तेही एवढ्या ढगाळ दिवसांनंतरच्या पहिल्या भट्टीला.

"तू जा," थोरला म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? मी तिथे उभा राहून काय बघणार, टोपी?" पण त्या दिवशी त्यानं जाळाचा अंदाज दोनदा चुकवला, हेही सगळ्यांनी पाहिलं.

थोरली आयुष्यात कधी एकटी एवढ्या लांब गेली नव्हती. पाट्या तिला धड वाचता येत नसत, दोन ठिकाणी गाड्या बदलायच्या होत्या. धाकटी सातवीपर्यंत शिकलेली. "वाट विचारायला कुणीतरी हवं," थोरली जेवताना म्हणाली, कुणाकडेही न बघता. "एक जागा रिकामीच जातेय." धाकट्यानं बायकोकडे बघितलं. बायको ताटाकडे बघत होती.

रविवारी थोरलीनं फोनवर विचारलं. बाबांच्या ऐवजी काकूला आणलं तर चालेल का, बाईंना विचार. तिनं मुद्दाम काकू म्हटलं, आणि म्हणताना थोडं सुख घेतलं.

मग काडी म्हणाली, "खरंच आणशील तिला?" आणि तिच्या आवाजात जे उमललं, ते "येईन" म्हटलं होतं तेव्हा उमललं नव्हतं. आपण शब्द जिंकला, बाकी सगळं होतं तिथेच आहे, हे थोरलीला तेव्हा कळलं.

प्रवासात दोघी कामापुरतं बोलल्या. धाकटी पाट्या वाचायची, थोरली पिशव्या सांभाळायची. तळाच्या फाटकावर एका शिपायानं नावं विचारली. "आई कोण?" तो म्हणाला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रत्येकीला दुसरीनं बोलावं असं वाटत होतं. मग धाकटीनं थोरलीकडे बोट केलं. "ह्या. आणि मी वडिलांच्या जागी." शिपाई हसला, आणि थोरलीलाही नको असताना हसू आलं.

मैदान लांबरुंद, फरशा धुतल्यासारख्या स्वच्छ, आणि पलीकडे समुद्र. धाकट्याच्या तळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मुली रांगांमध्ये उभ्या, सगळ्यांचे केस कानापर्यंत, सगळ्या सारख्या. थोरलीला आपली सापडेना. ती एकेक चेहरा चाचपत राहिली आणि तिला रडू यायला लागलं.

"दुसरी रांग," धाकटी शेजारून म्हणाली. "डावीकडून पाचवी."

तीच होती. रुंद झाली होती खांद्यात. काडी राहिली नव्हती.

एकेक नाव पुकारलं जात होतं, आणि त्यापुढे "आई, पुढे या." एकेक बाई जात होती, टोपी घालत होती, मागे येत होती. काडीचं नाव आलं. "आई, पुढे या." थोरलीचे पाय हलले नाहीत. तिनं मान वळवली आणि धाकटीकडे पाहिलं. एकोणीस वर्षं हा शब्द कानावर पडला की ती तिकडेच बघत आली होती. धाकटीनं एक पाऊल टाकलेलं होतं. ती थांबली, ते पाऊल मागे घेतलं, आणि थोरलीच्या पाठीला हात लावून तिला पुढे ढकललं. "तुम्हाला म्हणताहेत," ती म्हणाली.

थोरली गेली. तबकातली टोपी उचलली. तिच्या बोटांची टोकं विटांनी सोलपटलेली, पांढऱ्या कापडावर डाग पडेल की काय अशी धास्ती. पोरगी सलाम करून ताठ, नजर समोर. थोरलीनं टोपी घातली, हातानं कड सरळ केली, साच्याची कड सरळ करतात तशी. जवळून पोरीच्या अंगाला साबणाचा आणि उन्हाचा वास येत होता.

"सरळ आहे का, वहिनी?" ओठ न हलवता पोरगी पुटपुटली.

"सरळ आहे."

आणि थोरलीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे भरले होते. पण ते थोरलीकडे बघत नव्हते. हुकूम समोर बघायचा होता, समोर थोरलीचं डोकं होतं, आणि पोरीची नजर तिच्या डोक्याच्या बाजूनं, मागे, गर्दीत कुणाला तरी शोधत होती. सापडत नव्हतं. थोरलीच मधे होती.

तिच्या पोटात जे जळायचं ते जळलंच. तरी ती एक पाऊल बाजूला झाली.

"आई, जागेवर उभ्या राहा," रांगेच्या टोकावरून नावं पुकारणाऱ्या बाई करड्या आवाजात म्हणाल्या.

हे आपल्यालाच म्हणताहेत, हे थोरलीला या वेळी लगेच कळलं. ती आणखी एक पाऊल बाजूला सरकली.